टोकावड्याच्या ओसरीवर समुद्राचे रीळ

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या एस. टी. गाडीत बसा. मुरबाड मागे पडले, सरळगाव गेले, की गाडीतली गर्दी जरा विरळ होते आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. त्या भिंतीच्या वाटेवर, हमरस्त्याला लागून टोकावडे आहे. आजूबाजूला भाताची खाचरे, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी, उन्हाळ्यात राब भाजल्याचा वास. मान वर केली की नाणेघाटाचा 'नानाचा अंगठा' दिसतो आणि पुढे मोरोशीचा भैरवगड.

गाव डोंगरातले; पण हा रस्ता फार जुन्या काळापासून समुद्राशी जोडलेला आहे. कल्याण आणि सोपारा ही प्राचीन बंदरे. तिथे उतरलेला माल याच बाजूने नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. घाटातल्या गुहेत सातवाहनांच्या काळचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आजही आहे. घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. तो जकातीसाठी होता असे लोक सांगतात. कोकणातून घाटावर मीठ जायचे आणि घाटावरून धान्य खाली यायचे, हा तर कालपरवापर्यंतचा व्यवहार. बैलांच्या पाठीवरून मीठ वर गेले, त्या वाटेवरचे हे गाव.

नदीही समुद्राचीच ओढ घेऊन निघते. माळशेजच्या कड्यावरून कोसळणारी काळू नदी मुरबाड तालुक्यातून वाहत टिटवाळ्याच्या महागणपतीपाशी जाते आणि पुढे कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली खाडी लागते. तिथून पाणी डोंबिवली, मुंब्रा, घोडबंदर, भाईंदर असे करत वसईला समुद्रात जाते. टोकावड्याच्या खाचरातून निसटलेले पावसाचे पाणी शेवटी वसईच्या किल्ल्याजवळ खारे होते, असे म्हटले तरी चालेल.

पाण्यामागोमाग माणसेही खाली उतरतात. या भागातली तरुण मंडळी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, कल्याण-भिवंडीत कामाला जातात. सुटीच्या दिवशी मित्राबरोबर दिव्याहून वसईची गाडी पकडतात, खाडीच्या काठी गळ टाकून बसतात आणि घरी येताना पिशवीत मासा असो नसो, एक वस्तू हमखास आणतात. ती वस्तू म्हणजे समुद्रावर वापरलेले, खाऱ्या पाण्यात भिजलेले, हजार-दीड हजार रुपयांचे मासेमारीचे रीळ. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते या रिळाबद्दल.

शेतीच्या माणसाने रिळाबद्दल का बोलावे, असे तुम्ही विचाराल. कारण सांगतो. वसईच्या किंवा उत्तनच्या कोळीवाड्यात कोणी असे रीळ न धुता खुंटीला टांगले, तर शेजारची म्हातारी ओरडेल. खारे पाणी काय करते हे तिथे पोराटोरांना ठाऊक असते. आपल्या गावात ओरडणारे कोणी नाही. रीळ दुरुस्त करणारे दुकानही नाही. म्हणून ही रिळे समुद्रावर मरत नाहीत. समुद्रापासून दूर, शेतकऱ्याच्या कोरड्या ओसरीवर, खुंटीला टांगल्या टांगल्या मरतात.

गरीपासून रिळापर्यंत

मासे धरणे या भागाला नवे नाही. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, ओढे-नाले भरून वाहू लागले, की मासे उलट्या प्रवाहाने वर चढतात. त्याला आपण वलगण म्हणतो. त्या रात्री ठाकूरवाडी, कातकरवाडी, कुणबीवाडी, सगळीकडची माणसे कंदील नाहीतर बॅटरी घेऊन बाहेर पडतात. एरवी डोहाच्या काठी बसून गरवायचे. बांबूची काठी, तिला तंगूस, टोकाला गरी आणि गरीला गांडूळ. यात बिघडण्यासारखे काही नव्हते. काठी मोडली तर बेटातून दुसरी तोडायची.

रीळ मात्र यंत्र आहे. खाडीचे पात्र रुंद. हाताने फेकलेली गरी तिथे पोहोचत नाही. जिताडा, तांब, रावस अशा माशाने ओढ दिली तर बांबूला बांधलेला तंगूस तुटतो. रिळाने दोन गोष्टी साधतात. एक, दोर लांबवर सुटतो. दुसरी, मासा जोरात पळाला तर ब्रेक ताणून धरत धरत थोडा थोडा दोर सोडतो, त्यामुळे तो तुटत नाही.

आज सगळीकडे दिसणारे हे रीळ मूळचे इंग्लंडचे. १९०५ साली आल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या गृहस्थाने त्याचे पेटंट घेतले. हे लोकरीच्या कापड गिरण्या चालवणारे घराणे. गिरणीत सुताची कांडी स्वतः न फिरता तिच्या टोकावरून सूत भराभर निघते; हीच युक्ती या रिळात आहे. भिवंडीच्या यंत्रमागाजवळ कोनवरून सूत निघताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चटकन समजेल. दोर ज्यावर गुंडाळतो ती फिरकी, म्हणजे स्पूल, फेकताना जागच्या जागी असते. मूठ फिरवली की तिच्याभोवती तारेची कमान असलेले डोके फिरते आणि दोर गुंडाळला जातो. पोटात एक मोठे दातेरी चाक, एक लहान दातेरी चाक, स्पूल वरखाली करणारी एक पट्टी आणि दोन-चार बेअरिंगे. बस, एवढेच. शिवणयंत्राहून सोपे.

मीठ घरी येते

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते, म्हणजे पाच-सहा लहान चमचे. दिवसभर दोर पाण्यातून भिजून येतो आणि रिळावर थेंब उडवतो. ते थेंब वाळतात. पाणी जाते, मीठ राहते. आता आपल्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. पावसाळ्यात झाकण नीट लावले नाही तर मिठाला पाणी सुटते, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. रिळाच्या फटींत बसलेले मीठ नेमके हेच करते. रीळ घरात खुंटीवर असते, बाहेरून कोरडे दिसते. आतून मात्र रोज थोडे थोडे ओले होत असते. समुद्रावर गेलात एक दिवस, पण रीळ समुद्रातच राहिले महिनाभर.

दुसरी गोष्ट धातूंची. स्वस्त रिळाचे अंग ॲल्युमिनियमचे किंवा प्लॅस्टिकचे, दातेरी चाक बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे, लहान चाक पितळेचे आणि स्क्रू पोलादाचे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मधे खारे पाणी, ही झाली बॅटरी. यात हलका धातू झिजतो. स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसते ती हीच. ती आट्यांत शिरली की स्क्रू असा धरून बसतो की डोके तुटते पण स्क्रू सुटत नाही. 'स्टेनलेस' म्हणून विकलेली बेअरिंगेही मिठात गंजतात. फक्त थोडी उशिरा.

ताट, जुने फडके आणि शिवणयंत्राचे तेल

रोपवाटिका पाहण्याच्या निमित्ताने टोकावड्याच्या एका घरी बसलो असताना ओसरीच्या खुंटीवर असेच रीळ दिसले. घरातले आजोबा म्हणाले, "कुलूप झालंय साहेब त्याचं. मूठ फिरतच नाही. पोरगा म्हणतो, टाकून देऊ, नवं घेऊ."

"कधी घेतलं होतं?"

"गणपतीनंतर. चार-पाच वेळा वसईला नेलं असंल."

चार-पाच वेळांत हजारावर रुपये गेले. त्या पैशात भाताच्या बियाण्याची पिशवी आली असती. मी काही म्हणायच्या आत घरातल्या सूनबाई पुढे झाल्या. गावातल्या बायकांची पोलकी त्या शिवतात. म्हणाल्या, "यंत्राचं शटल मी दर आठ दिवसांनी काढून साफ करते. यात त्याहून वेगळं काय असणार?" आणि त्यांनी परात, एक ताट, जुने धोतराचे फडके, दातांचा जुना ब्रश आणि शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणून ओसरीवर मांडली. पुढचे दोन तास जे झाले, तेच क्रमाने सांगतो. तुमच्या घरी असे रीळ असेल तर याच क्रमाने जा.

पहिले काम जागेचे. रीळ परातीत धरून उघडा, म्हणजे उडालेली स्प्रिंग किंवा निसटलेली चकती शेणसारवल्या जमिनीत हरवणार नाही. शेजारी ताट घ्या. जो भाग पहिला निघेल तो ताटाच्या कडेला वरच्या बाजूस ठेवा, दुसरा त्याच्या उजवीकडे, तिसरा त्याच्या पुढे, घड्याळाच्या काट्यासारखे गोल. बसवताना उलट फिरायचे. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. त्या मोबाईलचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही.

मग स्पूलवरची ब्रेकची चावी डावीकडे फिरवून काढा. स्पूल वर उचलून बाजूला घ्या. स्पूलखालच्या दांड्यावर एकदोन पातळ चकत्या असतात. त्या किती आहेत आणि कशा क्रमाने आहेत ते पाहून ताटात ठेवा. एक चकती विसरली तर दोर एका टोकाला चढतो. नंतर मूठ काढा. काहींची मूठ पलीकडचा स्क्रू काढल्यावर निघते, काहींची मूठच फिरवून सुटते.

आता फिरते डोके. ते मधल्या नटाने धरलेले असते आणि नट सुटू नये म्हणून त्याला एक बारीक स्क्रू लावलेला असतो. आधी तो बारीक स्क्रू काढा. नट सोडताना सावध राहा. बऱ्याच रिळांत हा नट उलट्या आट्याचा असतो. एका बाजूला हलत नसेल तर जोर न लावता दुसऱ्या बाजूला हलकेच पाहा. डोके निघाले की खाली एक जाडसर बेअरिंग दिसते. मूठ उलटी फिरू न देण्याचे काम त्याचे. ते उगाच उकलू नका.

शेवटी बाजूचे झाकण. तीन-चार स्क्रू असतात. स्क्रूच्या खाचेत नीट बसेल असाच डिसमिस घ्या. सैल डिसमिसने खाच झिजली की काम थांबले म्हणून समजा. स्क्रू धरून बसला असेल तर त्यावर तेलाचा थेंब सोडा आणि चहा घ्या. अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. त्या घरी दोन स्क्रू असेच बसले होते. एक चहाने सुटला, दुसऱ्याला जेवणाची वेळ द्यावी लागली.

झाकण उघडले तेव्हा आत काय होते? कारखान्यात घातलेले वंगण एका कोपऱ्यात गोळा होऊन सुकलेले, त्यात वाळूचे कण आणि सगळ्यावर पांढरट बुरा. मोठ्या चाकाचे दात मात्र शाबूत होते. कुलूप लागले होते ते एका बेअरिंगमुळे. ते तांबेऱ्याने भरून गेले होते. सूनबाई म्हणाल्या, "एवढ्याशानं अडलं होतं होय!"

साफ करायला वाटीभर रॉकेल घ्या, नसेल तर थोडे डिझेल. हे काम ओसरीवर किंवा अंगणात, चुलीपासून आणि विडीपासून लांब करा. पेट्रोल वापरू नका. ते भडकते आणि काही प्लॅस्टिकचे भाग खराब करते. दातेरी चाके ब्रशने घासा, दातांच्या खाचा काडीने कोरा. मग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून सावलीत पूर्ण वाळू द्या. बेअरिंग वेगळे बुडवून बोटावर फिरवा. गुळगुळीत फिरले तर ठीक. खरखरले तर पुन्हा धुवा. तरीही खरखरले तर ते गेले. पण त्यासाठी रीळ टाकायचे कारण नाही. बेअरिंगच्या कडेवर बहुधा नंबर असतो. नसेल तर आतले भोक, बाहेरचा घेर आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजा. कल्याणसारख्या गावात बेअरिंगच्या दुकानात त्याच मापाचे मिळू शकते. या घरच्या रिळाला तसेच मिळाले.

कुठे तेल, कुठे ग्रीस, कुठे काहीच नाही

सगळे बिघडते ते इथे. माणूस प्रेमाने सगळीकडे सारखेच तेल पाजतो. रिळाला ते चालत नाही.

दातेरी चाकांना ग्रीस हवे. पाण्याने न धुपणारे, बोटीच्या यंत्रांना वापरतात ते मिळाले तर उत्तम. नाहीतर चांगले लिथियम ग्रीस. दातांवर सगळीकडे पातळ थर बसेल एवढेच. डबी भरून कोंबले तर मूठ जड होते. बेअरिंगला आणि मुठीच्या बोंडाला शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. मूठ उलटी न फिरू देणाऱ्या जाड बेअरिंगला पातळ तेलाचा एखादाच थेंब. तिथे ग्रीस गेले तर ते घसरते आणि मूठ मागे फिरू लागते. ब्रेकच्या चकत्यांना सायकलचे किंवा शिवणयंत्राचे तेल कधीही लावू नका. ब्रेक पकड धरण्यासाठी असतो. त्या पुसून, वाळवून, होत्या त्याच क्रमाने ठेवा. ब्रेकसाठी वेगळे ग्रीस मिळते, ते असले तरच किंचित लावा.

बसवताना प्रत्येक स्क्रूच्या आट्याला ग्रीसचे बोट लावा. दोन धातूंच्या मधे पडदा तयार होतो आणि पुढच्या वेळी स्क्रू सुटतो. दहा सेकंदांचे काम. पण पुढच्या दोन तासांचा त्रास त्यातच वाचतो.

आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग म्हणजे तारेच्या कमानीच्या टोकाशी असलेला बारीकसा रूळ. दोर तिथून वळून स्पूलवर जातो. तो फिरायचा थांबला की दोर एकाच जागी घासतो, रुळाला खाच पडते आणि खाच दोराला कापते. मोठा मासा लागला की दोर तुटतो आणि आपण माशाला दोष देतो. बोटाने रूळ फिरवून पाहा. फिरत नसेल तर काढा, पुसा, तेलाचा थेंब द्या.

खोबरेल किंवा गोडे तेल वापरायचा मोह टाळा. खोबरेल थंडीत थिजते हे तुम्ही रोज पाहता. रिळाच्या पोटातही ते थिजते. खाण्याची तेले हवा लागून चिकट होतात आणि धूळ धरून ठेवतात.

सगळे परत बसले. ताट रिकामे झाले. सूनबाईंनी मूठ फिरवली तेव्हा कमान भिर्रर्र फिरली आणि मुले ओरडली. आजोबा मात्र शांतपणे म्हणाले, "गाडीच्या आसाला वंगण घातल्याबिगर आम्ही कधी म्हशाच्या जत्रेला निघालो नाही. चाक जुनं का नवं, ते नंतर." पौषी पौर्णिमेला म्हशाला भरणाऱ्या त्या जत्रेत गुरांचा बाजार भरतो आणि या भागातल्या जुन्या माणसांनी बैलगाड्यांनी ती जत्रा केलेली आहे. रीळ त्यांनी आयुष्यात वापरले नव्हते. पण रिळाबद्दल सांगण्यासारखे सगळे त्यांनी एका वाक्यात सांगितले.

उघडण्याची वेळच येऊ नये म्हणून

पूर्ण रीळ वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी उघडले तरी पुरे. दर आठवड्याला समुद्रावर जात असाल तर दोनदा. मात्र समुद्रावरून आल्यावर त्याच रात्री पाच मिनिटांचे एक काम चुकवायचे नाही. ब्रेकची चावी घट्ट करा, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. मग तांब्यातले गोडे पाणी हळू धारेने रिळावरून सोडा. बादलीत बुडवू नका आणि पंपाच्या जोराच्या धारेखाली धरू नका; जोराने मीठ निघत नाही, आत ढकलले जाते. फडक्याने पुसा, चावी पुन्हा सैल करा, म्हणजे चकत्या दबून राहणार नाहीत. सावलीत वाळवा आणि रुळाला तेलाचा थेंब द्या. ओल्या रिळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका.

दोरही पाहा. पुढचे दोन-चार हात दोर खडकाला घासून खरखरीत झालेला असतो. तो कापून टाका. पण कापलेला तंगूस शेतात, गोठ्यात किंवा नदीत टाकू नका. तो कुजत नाही. गुरांच्या पोटात जातो, बगळ्यांच्या पायात अडकतो. डब्यात साठवून कचऱ्याच्या गाडीला द्या.

भरती थांबत नाही

आता खरी महत्त्वाची गोष्ट. रीळ बिघडल्याने हजार रुपये जातात, हे नुकसान सोसण्यासारखे आहे. पण रीळ बिघडते कुठे? घरी नाही. खडकावर, चिखलाच्या काठावर, ऐन ओढ लागलेली असताना. मूठ अडकते, दोराचा गुंता होतो आणि माणूस खाली मान घालून तो सोडवत बसतो. त्या वेळात तो पाण्याकडे पाहत नाही. भरती मात्र चढतच असते. नदीकाठच्या माणसाला पूर समोरून येताना दिसतो, त्याचा आवाज येतो. भरती मागून येते, आवाज न करता, आणि परतीची वाट आधी बुडवते.

म्हणून जाणाऱ्या मुलाला दोन गोष्टी सांगून पाठवा. पहिली, अडकलेले रीळ तिथे उघडायचे नाही. दोर कापायचा, उठायचे, कोरड्या जागी यायचे. दुसरी, तिथी विचारून निघायचे. आपल्या घरात दिनदर्शिका असतेच. मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर अमावास्येला आणि पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते आणि ती सर्वांत मोठी, उधाणाची असते. पुढे ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अष्टमीला सहाच्या सुमारास येते आणि लहान, भांगाची असते. तिथीला तीनने गुणून चारने भागले की भरतीची अंदाजे वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. खाडीत आत गेले की भरती आणखी उशिरा पोहोचते. नेमक्या वेळेसाठी भरतीचे छापील कोष्टक किंवा मोबाईल पाहावा. पण अंदाज डोक्यात असलेला बरा.

पाठीवरच्या पंपालाही हेच

मी शेतीखात्याचा माणूस, तेव्हा शेवटी शेताकडे येतोच. तुमच्या पडवीत फवारणीचा पंप टांगलेला असेल. त्यातून मोरचुदाचे मिश्रण, विद्राव्य खते, तणनाशके जातात. ही सगळी आपापल्या परीने मिठासारखीच वागतात. वाळतात, फटीत बसतात, ओल धरतात, धातू आणि रबर खातात. फवारणी झाल्यावर पंपात स्वच्छ पाणी भरून ते नोझलमधून सोडले, गाळणी काढून धुतली, वॉशर पाहिला, तर पंप पुष्कळ वर्षे टिकतो. ते धुण्याचे पाणी मात्र विहिरीजवळ किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका. रीळ उघडायला शिकलेल्या हाताला पंप उघडणे जड नाही. ताट तेच, क्रम तोच.

टोकावड्याला कधी गेलात तर भाताची लावणी संपल्यावर, श्रावणात जा. कड्यांवरून धबधबे पडत असतात, खाचरे हिरवीगार असतात आणि काळू भरून वाहत असते. नदीच्या पाण्यात हात घाला. ते गोडे आहे. याच पाण्याचे दोन तांबे समुद्रावरून आलेल्या रिळाला पुरतात. रीळ महाग आहे की स्वस्त, हे दुकानात ठरते. ते किती वर्षे चालेल, हे आपल्या ओसरीवर ठरते.